लहान संगणक आणि सहा ध्वनिक्षेपक

जत्रेच्या दिवसांत गांवोगांवीं तंबूंतील सिनेमा येत असे, तो आपणांपैकीं वडील मंडळींनीं पाहिला असेल. नट पडद्याच्या कोणत्याहि कोपऱ्यांत उभा असो, त्याचे शब्द मात्र एकाच कर्ण्यांतून ऐकावे लागत. आज तीच करमणूक घरांत आली आहे. समजा, इंदापूर तालुक्यांतील एका कुटुंबानें पुस्तकाएवढा लहान संगणक घेतला व त्यास जोडण्यासाठीं बारामतीच्या पेठेंतून सहा पेट्यांचा संच आणला. बाजारांत या संचास 'होम थिएटर' म्हणतात. तारा जोडल्या, दिवे लागले, संगीतहि घुमूं लागलें. पण पात्रांचें बोलणें कांहीं केल्या ऐकूं येईना. ज्या आजीबाईंसाठीं हा सारा खटाटोप, त्यांना एकहि वाक्य कळेना. मग आवाज वाढवावयाचा, शेजाऱ्याची झोंप मोडावयाची व शेवटीं पेटी बिघडली असें समजून ती परत न्यावयाची, हा क्रम ठरलेला. वस्तुतः अशा वेळीं दोष बहुधा पेटींत नसून जोडणींत असतो. तो कसा ओळखावा, हें आज सांगावयाचें आहे.

प्रथम या सहा पेट्यांचें काम पाहूं. भिगवणजवळ उजनीच्या जलाशयावर रोहित पक्ष्यांचा थवा समोरून उठून डोक्यावरून पाठीमागें जातो, तेव्हां डोळे मिटले तरी कानांस त्याची दिशा कळते. हाच अनुभव घरांत देण्यासाठीं पुढें डावी व उजवी, मागें डावी व उजवी आणि समोर मध्यभागीं एक अशा पांच पेट्या असतात. सहावी सबवूफर, ती केवळ खर्जाचा आवाज काढते. म्हणून या पद्धतीस '५.१' असें नांव पडलें. यांत ध्यानांत ठेवण्याची गोष्ट एवढीच कीं, चित्रपटांतील संभाषण मुख्यतः मधल्या पेटीकडे सोंपविलेलें असतें. ती पेटी मुकी झाली कीं बोलणें हरपलेंच म्हणून समजावें.

आतां संगणकापासून संचापर्यंत आवाज नेण्याच्या वाटा तीन. पहिली वाट साध्या पिनांची. मोठ्या संगणकाच्या पाठीशीं रंगीत छिद्रें असतात. हिरव्यांतून पुढील दोन पेट्यांचा, काळ्यांतून मागील दोहोंचा व नारिंगींतून मधल्या पेटीचा आणि सबवूफरचा आवाज निघतो. एका छिद्रांतून दोनच प्रवाह जातात. म्हणून सहा प्रवाहांस तीन तारा लागतात. लहान संगणकास बहुधा एकच छिद्र असतें व त्यांतून दोनच प्रवाह मिळतात. एकाच्या तीन तारा करणारा जोड लावला तरी तेच दोन प्रवाह तीन ठिकाणीं वांटले जातात. नवे निर्माण होत नाहींत. यास उपाय म्हणजे यूएसबीला लावावयाचें, तीन छिद्रांचें स्वतंत्र साउंड कार्ड.

दुसरी वाट प्रकाशाच्या तारेची, जिला 'ऑप्टिकल' म्हणतात. हिच्यांतून साध्या स्वरूपांतील दोनच प्रवाह जातात. सहा प्रवाह पाठवावयाचे तर ते 'डॉल्बी डिजिटल' किंवा 'डीटीएस' या पद्धतीनें संक्षिप्त केलेले असावे लागतात व तें उलगडण्याची शक्ति संचांत असावी लागते. तिसरी वाट एचडीएमआयची. हिच्यांतून चित्राबरोबर आठपर्यंत प्रवाह मूळ स्वरूपांत जाऊं शकतात. ज्यांच्या संचास एचडीएमआयचें प्रवेशद्वार आहे, त्यांनीं संगणकाची तार आधीं संचांत व तेथून दूरचित्रवाणींत न्यावी, हें उत्तम.

यावरून खरेदीपूर्वीं काय पाहावें तें स्पष्ट होईल. पेट्या सहा आहेत एवढ्यावर भुलूं नये. संचाची पाठ फिरवून पाहावी. तेथें केवळ लाल-पांढऱ्या छिद्रांची एकच जोडी असेल, तर आंत दोनच प्रवाह येणार व तेच सहा पेट्यांत पसरले जाणार. ब्लूटूथची गोष्टहि साधारणतः अशीच.

तारा जोडल्यावर संगणकासहि तसें सांगावें लागतें. विंडोज प्रणालींत ध्वनीच्या विभागांत आपलें साधन निवडून 'कॉन्फिगर' या ठिकाणीं '५.१' ठरवितां येतें. तेथील चांचणी एकामागून एक प्रत्येक पेटी बोलवून दाखविते. येथेंच आजीबाईंच्या तक्रारीचें मूळ सांपडतें. सहा पेट्या आहेत असें संगणकास सांगितलें, पण तार दोनांचीच जोडली, तर मधल्या पेटीचा प्रवाह वाटेंतच नाहींसा होतो. अशा वेळीं दोनच पेट्यांची मांडणी निवडावी. मग संगणक संभाषण डाव्या-उजव्या पेट्यांत मिसळून देतो. दुसरें कारण असें कीं, नारिंगी तारेचीं दोन टोकें कधीं उलट लागतात. मग संभाषण सबवूफरमध्यें शिरून घोगरें होतें. तीं टोकें अदलाबदल केलीं कीं काम झालें.

जें मुळांतच एक आहे त्याचे सहा होत नाहींत, हेंहि समजून असावें. 'प्रभात'च्या १९३६ सालच्या 'संत तुकाराम' चित्रपटाचा ध्वनि एकाच प्रवाहाचा आहे. तो समोरूनच ऐकावा. मागील पेट्यांचा तेथें उपयोग नाहीं.

पेट्यांची जागाहि महत्त्वाची. बसण्याच्या जागेवरून पाहतां पुढील दोन पेट्या मध्यरेषेपासून सुमारें ३० अंशांवर व मागील दोन १०० ते १२० अंशांवर असाव्यात. आपल्याकडे स्लॅबचें छत, गुळगुळीत फरशी व उघड्या भिंती यांमुळें आवाज घुमतो व शब्द अस्पष्ट होतात. खालीं जाड सतरंजी, खिडकीस पडदा आणि समोरच्या भिंतीशीं कपड्यांची मांडणी किंवा गोधड्यांची चळत, एवढ्यानेंहि पुष्कळ फरक पडतो.

पेट्यांतून संथ गुणगुण येत असेल, तर संगणक व संच एकाच बोर्डावरून चालवून पाहावे. गुणगुण थांबविण्यासाठीं प्लगाची तिसरी, म्हणजे अर्थिंगची, पिन कोणी मोडून टाकतात. असें कदापि करूं नये. उपकरणांत बिघाड झाल्यास विजेस जमिनींत जाण्याची वाट तीच. ती बंद केली तर ती वीज हात लावणाऱ्याच्या देहांतून जाईल.

शेवटीं शेजारधर्म. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांप्रमाणें निवासी भागांत दिवसा ५५ व रात्रीं ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. रात्र म्हणजे दहापासून सकाळीं सहापर्यंत. मधली पेटी नीट बोलूं लागली कीं ही मर्यादा पाळणें जड जात नाहीं. संचांत त्या एका पेटीचा आवाज स्वतंत्रपणें वाढविण्याची सोय असेल तर ती वापरावी व सबवूफर थोडा उतरवावा. आजीबाईंस प्रत्येक वाक्य कळेल आणि भिंतीपलीकडील मूलहि स्वस्थ झोंपेल.