दांडा सोडला की रोबो थांबलाच पाहिजे

संगणकावर खेळ खेळण्यासाठी घेतलेली जॉयस्टिक रोबो चालवायलाही उपयोगी पडते. ती स्वस्त असते आणि हाताला तिची सवय झालेली असते. मात्र केबल जोडली म्हणजे काम झाले, असे नाही.

दांडा हलवला की जॉयस्टिकच्या आतला विद्युत रोध बदलतो. १९८१ मध्ये आलेल्या आयबीएम पीसीला हा रोध थेट मोजता येत नसे. कपॅसिटर भरायला किती वेळ लागतो, यावरून तो दांड्याची जागा ओळखत असे. आताची यूएसबी जॉयस्टिक स्वतःच आकडे तयार करून पाठवते. रोबोसाठी जगभर वापरल्या जाणाऱ्या 'रॉस' या प्रणालीत ते उणे १ ते अधिक १ या मर्यादेत आणतात आणि कमाल वेगाने गुणतात. कमाल वेग सेकंदाला अर्धा मीटर असेल, तर निम्मा ढकललेला दांडा पाव मीटरचा वेग देतो.

खरी अडचण पुढे आहे. सोडलेला दांडा अचूक शून्यावर येतोच असे नाही. किंचित फरक उरला तरी रोबो हळूहळू सरकत राहतो. म्हणून मध्याजवळचा छोटा पट्टा शून्यच धरला जातो.

त्याहून मोठा धोका संपर्क तुटण्याचा. केबल निघाली, तर रोबो शेवटची आज्ञाच पाळत राहू शकतो. यावर दोन उपाय आहेत. एक बटण दाबून धरले असेल तरच हालचाल होते. आणि ठरावीक वेळात, समजा अर्ध्या सेकंदात, नवी आज्ञा आली नाही, तर रोबो स्वतःहून थांबतो. ही दुसरी व्यवस्था संगणकात नव्हे, रोबोतच हवी. कारण संगणकही बंद पडू शकतो.

आरोग्यक्षेत्रात याचे महत्त्व अधिक. विजेवर चालणाऱ्या चाकाच्या खुर्चीत दांडा सोडताच तो मध्यावर येतो आणि खुर्ची थांबते. ७ सप्टेंबर २००१ रोजी डॉ. जॅक मारेस्को यांनी न्यूयॉर्कमधून फ्रान्समधील स्ट्रासबर्गच्या रुग्ण महिलेचे पित्ताशय रोबोच्या मदतीने काढले. हाताची हालचाल पडद्यावर दिसायला सरासरी १५५ मिलिसेकंद लागत होते. तरीही रुग्णाजवळ शल्यविशारद सज्ज होते.

घरी किंवा महाविद्यालयात रोबो बनवणाऱ्यांनी पहिली चाचणी चाके जमिनीपासून उचलूनच घ्यावी. चाके फिरत असताना केबल काढावी. ती थांबली, तरच रोबो जमिनीवर ठेवावा.