नको तेवढा दगड

ग्वाल्हेरच्या लष्कर भागात वाढलेल्या आम्हा मराठी मंडळींना ग्वाल्हेर म्हटलं की आधी गाणं आठवतं. मला मात्र इथला दगड जास्त ओढतो.

किल्ल्याच्या चढावरचं चतुर्भुज मंदिर इ.स. ८७६च्या सुमाराचं, अख्ख्या खडकातून कोरून काढलेलं. लोक शिलालेखातलं शून्य पाहायला येतात. मी छिन्नीचे घाव शोधत बसतो. पुढे १५व्या शतकात, तोमर राजांच्या काळात, किल्ल्याच्याच उरवाई बाजूच्या कड्यातून भव्य जैन तीर्थंकर कोरले गेले. एकदा निघालेली कपची परत चिकटत नाही, एवढ्या उंचीवर तर नाहीच.

१६व्या शतकात हीच कला नाजूक झाली. तानसेनाच्या समाधीच्या आवारातच सूफी संत मुहम्मद गौस यांची कबर आहे. तिथल्या जाळ्या अगदी जवळ जाऊन बघा. वालुकाश्माच्या फरशीवर नक्षी आखायची, एकेका घरात भोक पाडायचं, मग ते कडेकडेनं वाढवत न्यायचं. उरते दोन घरांमधली बारीक पट्टी. शेवटच्या घराशी ती तुटली, तर सगळी मेहनत पाण्यात!

ग्वाल्हेरचे कारागीर आजही जाळ्या कोरतात. यंत्रं आली, तरी कोपऱ्यातला शेवटचा कण काढायला हातच लागतो. त्या हातांना काम मिळत राहावं, असं मला मनापासून वाटतं.