आवाज वाढवा, पण वायर सांभाळून!

कंपनीच्या म्युझिक सिस्टिमला बाहेरचा ॲम्प्लिफायर जोडताना वॅटपेक्षा वायरिंग महत्त्वाचे

नाशिक, प्रतिनिधी

नवी मोटार दारात आली, पेढे वाटून झाले, की पुढचा मुक्काम ॲक्सेसरीजच्या दुकानात पडतो. सीट कव्हर आणि मॅट यांच्या जोडीला डिकीत वूफर व ॲम्प्लिफायर बसवून घेण्याची हौस तरुण ग्राहकांत मोठी आहे. हौसेला मोल नसते, हे खरे. मात्र काही तासांत उरकल्या जाणाऱ्या या कामात बॅटरीपासून डिकीपर्यंत जी एक वायर ओढली जाते, तिच्याकडे ग्राहकाचे लक्ष क्वचितच जाते. ॲम्प्लिफायर किती वॅटचा, याची चौकशी सगळेच करतात. वायर किती जाडीची आणि फ्यूज कोठे, हे विचारणारे थोडे. आवाजाचा दर्जा आणि गाडीची सुरक्षितता या दोन्ही गोष्टी नेमक्या याच प्रश्नांवर अवलंबून असतात.

डॅशबोर्ड बदलला, पद्धतही बदलली

नाशिकच्या महिंद्र कारखान्यातून २००२ मध्ये 'स्कॉर्पिओ' बाहेर पडू लागली, त्या काळात गाडी घेतल्यावर स्टिरिओ बाहेरून बसवून घेण्याची सर्रास पद्धत होती. कंपनीचा स्टिरिओ असला, तरी तो काढून त्याच खाचेत दुसरा बसवता येई. आता तसे राहिलेले नाही. याच कारखान्यात तयार होणाऱ्या, २०२० मध्ये आलेल्या नव्या 'थार'च्या वरच्या श्रेणीत टचस्क्रीन डॅशबोर्डमध्येच बसवलेली असते. अशा पडद्यावर गाण्यांबरोबर गाडीच्या इतर सूचना आणि सेटिंगही दिसतात. अनेक मोटारींत मागचा कॅमेराही त्यालाच जोडलेला असतो. तो पडदा काढून टाकणे शक्य नसते किंवा परवडत नाही. त्यामुळे कंपनीची सिस्टिम आहे तशीच ठेवून तिच्या पुढे ॲम्प्लिफायर जोडणे, हाच मार्ग उरतो.

कंपनीचा आवाज कमी का पडतो?

पॅकिंगवर '५० वॅट गुणिले ४' असा आकडा असला, तरी तो क्षणिक कमाल शक्तीचा असतो. इंजिन सुरू असताना गाडीत सुमारे १४.४ व्होल्टचा दाब मिळतो. तेवढ्या दाबावर चार ओहमच्या स्पीकरला विकृतीशिवाय, सलग मिळू शकणारी शक्ती गणिताने २६ वॅटच्या पुढे जात नाही. प्रत्यक्षात स्वच्छ आवाज १८ ते २० वॅटपर्यंतच मिळतो.

शहरात एवढे पुरते. मात्र मुंबई-आग्रा महामार्गावर गाडीने वेग घेतला, की टायर आणि वाऱ्याचा घुमणारा आवाज वाढतो. हा गोंगाट मुख्यतः खालच्या पट्टीतला असल्याने ढोलकी, तबल्याचा डग्गा यांचे बोल त्यात बुडतात. आवाज दुप्पट मोठा भासण्यासाठी सुमारे दहापट शक्ती लागते. वीस वॅटचे दोनशे वॅट करायचे, तर वेगळा ॲम्प्लिफायर आवश्यक ठरतो. ॲम्प्लिफायरमधला विद्युतमंडल बॅटरीचा १२ व्होल्टचा दाब आधी वाढवून घेतो, म्हणूनच त्याला ही मर्यादा ओलांडता येते.

घरातली वायर गाडीत नको

घरातला ५०० वॅटचा मिक्सर २३० व्होल्टवर सव्वादोन अँपिअरच्या आसपास विद्युतप्रवाह घेतो. गाडीत दाब कमी असल्याने तेवढ्याच शक्तीसाठी सुमारे ३६ अँपिअर लागतात. ॲम्प्लिफायरमध्ये वाया जाणारी शक्ती धरली, तर हा आकडा पूर्ण क्षमतेवर ४५ अँपिअरपर्यंत जातो. एवढा प्रवाह पाच मीटर लांबीच्या तांब्याच्या वायरीतून डिकीपर्यंत न्यायचा असतो.

घरगुती वायरिंगमधली ४ चौरस मिलिमीटरची वायर यासाठी वापरली, तर वाटेतच जवळजवळ एक व्होल्ट खर्ची पडतो आणि सुमारे ४३ वॅटची उष्णता वायरीत तयार होते. ही उष्णता कार्पेटखाली कोंडून राहते. याउलट २१ चौरस मिलिमीटरची, म्हणजे दुकानदारांच्या भाषेत '४ गेज'ची वायर वापरल्यास घट ०.२ व्होल्टच्या आत राहते. स्वस्त किटमधील वायर पुष्कळदा ॲल्युमिनियमची असून तिला वरून तांब्याचा केवळ मुलामा दिलेला असतो. ॲल्युमिनियमची वहनक्षमता तांब्याच्या सुमारे ६१ टक्के असल्याने तशी वायर त्या प्रमाणात अधिक जाड घ्यावी लागते.

फ्यूज कशासाठी?

फ्यूज ॲम्प्लिफायरच्या रक्षणासाठी असतो, हा गैरसमज आहे. ॲम्प्लिफायरचा फ्यूज त्याच्या अंगावर वेगळा असतो. मुख्य फ्यूज असतो तो वायरीसाठी, आणि म्हणूनच तो बॅटरीच्या जवळ, ४५ सेंटिमीटरच्या आत हवा. बॉनेटमधून केबिनमध्ये येताना वायर पत्र्याच्या छिद्रातून जाते. तेथे रबरी ग्रोमेट नसेल, तर गाडीच्या सततच्या हादऱ्याने पत्र्याची धार वायरीचे आवरण कापते. उघडी तार बॉडीला टेकताच बॅटरीतून शेकडो अँपिअर वाहू शकतात आणि वायर काही क्षणांत लाल होते. फ्यूज डिकीत असेल, तर त्याच्या अलीकडे घडणाऱ्या या प्रकारात तो काहीच करू शकत नाही. गाडी बंद असली, तरी हा धोका टळत नाही. कारण ही वायर थेट बॅटरीला जोडलेली असते.

फ्यूज वारंवार उडू लागला, की त्याजागी मोठ्या क्षमतेचा फ्यूज बसवणे किंवा तार गुंडाळणे, हा तर आगीला दिलेला आवतणाचा विडाच होय. फ्यूजची क्षमता वायरीला पेलेल तेवढीच असावी.

सिग्नल कोठून घ्यायचा?

कंपनीच्या सिस्टिममधून बहुधा केवळ स्पीकरच्या वायरी बाहेर येतात. ॲम्प्लिफायरला 'हाय लेव्हल इनपुट' असेल, तर त्या थेट तेथे जोडता येतात; नसेल, तर मध्ये 'लाइन आउटपुट कन्व्हर्टर' बसवावा लागतो. येथे एक खबरदारी महत्त्वाची आहे. आजच्या स्टिरिओंत स्पीकरच्या दोन्ही वायरींवर बॅटरीच्या निम्म्याच्या आसपास दाब असतो. काळी पट्टी असलेली वायर म्हणजे 'अर्थ', असे समजून ती बॉडीला जोडल्यास स्टिरिओची आउटपुट चिप जळण्याची शक्यता असते.

काही मोटारींत आवाज वाढवत नेल्यास सिस्टिम लहान स्पीकर फाटू नयेत म्हणून खर्जाचा स्वर आपोआप कमी करते. अशा वेळी नवा वूफर ऐन वेळी मवाळ पडतो. त्यावर सिग्नल दुरुस्त करणारा डिजिटल प्रोसेसर बसवणे हा उपाय आहे. काही सिस्टिम स्पीकर जोडलेला आहे की नाही, हे तपासतात. तो न आढळल्यास ते चॅनल बंद करतात.

ॲम्प्लिफायर चालू-बंद करणारी 'रिमोट' वायर किल्लीबरोबर चालू-बंद होणाऱ्या जोडणीवरून घ्यावी. ती थेट बॅटरीवर दिल्यास ॲम्प्लिफायर रात्रभर जागा राहतो. नुसता एक अँपिअर जरी ओढला गेला, तरी ३५ अँपिअर-अवरची बॅटरी दुसऱ्या दिवशी गाडी सुरू करताना दगा देऊ शकते.

इंजिनच्या वेगाबरोबर चढणारी शिटी

नव्या सिस्टिममध्ये ॲक्सिलरेटर दाबताच शिटीसारखा आवाज चढत जातो, ही नेहमीची तक्रार असते. हा आवाज अल्टरनेटरचा असतो आणि त्याचे मूळ बहुधा सदोष अर्थिंगमध्ये सापडते. अर्थची वायर मुख्य वायरीइतकीच जाड, शक्य तितकी आखूड आणि रंग खरवडून उघड्या केलेल्या पत्र्यावर घट्ट कसलेली हवी. सीट बेल्टच्या बोल्टचा आधार त्यासाठी घेऊ नये. बॅटरीची वायर गाडीच्या एका बाजूने आणि सिग्नलची दुसऱ्या बाजूने नेल्यास हा त्रास आणखी कमी होतो.

वायरी ओढताना पिवळ्या आवरणातील किंवा पिवळ्या कपलरच्या वायरींना मुळीच हात लावू नये. त्या एअरबॅगच्या असतात. चालकासाठीची एअरबॅग जुलै २०१९ पासून नव्या मोटारींत सक्तीची आहे. पडद्यासारख्या उघडणाऱ्या एअरबॅग काचेलगतच्या खांबांत दडलेल्या असतात, आणि ट्विटरच्या वायरीही अनेकदा तेथूनच नेल्या जातात. विजेवर चालणाऱ्या मोटारींत नारिंगी आवरणाच्या वायरींत उच्च दाबाची वीज असते. त्यांच्यापासून दूरच राहावे.

विमा, वॉरंटी आणि कान

कंपनीचे मूळ हार्नेस कापून केलेल्या जोडामुळे बिघाड झाल्यास तो वॉरंटीत बसवून घेणे कठीण जाते. त्यामुळे वायर कापण्याऐवजी त्या मॉडेलसाठी मिळणारे तयार कपलर वापरणे श्रेयस्कर. मोटार विम्यात बाहेरून बसवलेल्या विद्युत उपकरणांची किंमत स्वतंत्रपणे नोंदवून जादा हप्ता भरावा लागतो. नोंद नसेल, तर चोरी किंवा आगीनंतर त्या उपकरणांची भरपाई मागता येत नाही.

'गेन'चे बटण हे आवाज वाढवण्याचे बटण नव्हे, हेही ध्यानात घ्यायला हवे. ते प्रमाणाबाहेर फिरवल्यास ध्वनिलहरींचे माथे कापले जातात आणि ट्विटर जळतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषानुसार ८० डेसिबलचा आवाज आठवड्यात ४० तास ऐकणे सुरक्षित असते. ९० डेसिबलला हीच मर्यादा चार तासांवर येते. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री १० नंतर ४५ डेसिबलची मर्यादा आहे. काचा खाली करून सोसायटीत शिरणाऱ्यांनी ती आठवावी.

गाडी ताब्यात घेण्यापूर्वी

पैसे देण्याआधी बॉनेट उघडून मुख्य फ्यूज बॅटरीजवळ आहे का, ते पाहावे. पत्र्यातून वायर जाते तेथे ग्रोमेट आहे का, वायर तांब्याची व पुरेशा जाडीची आहे का, अर्थ कोठे कसला आहे आणि मूळ हार्नेस कोठे कापले आहे का, हे कारागिराला दाखवायला सांगावे. बिलावर वायरीची जाडी व फ्यूजची क्षमता लिहून घ्यावी. अर्धा तास पूर्ण आवाजात सिस्टिम वाजवून वायर आणि फ्यूजचा होल्डर यांना हात लावून पाहावा. ते किंचित कोमट लागले तर चालेल. चटका बसला, तर गाडी तशीच घरी नेऊ नये.