उपनगरातील पंगत

परगावचे कुटुंब मुंबईस येते, तेव्हा त्याचा मुक्काम बहुधा उपनगरात पडतो. मावशी चेंबूरला राहते, धाकटा दीर मुलुंडला असतो, भाचीला सासर मिळालेले असते अंधेरीचे. इंदूर, नागपूर, बडोदे, बेळगाव, हैदराबाद अशा ठिकाणांहून आलेली ही मंडळी दिवसभर राणीची बाग, चौपाटी आणि नातलगांच्या भेटी आटोपून संध्याकाळी परततात. दोन खोल्यांच्या घरात दहा पाने वाढावयाची म्हणजे यजमानिणीची तारांबळ होणार, हे सर्वांना दिसत असते. मग कोणीतरी म्हणते, "आज बाहेरच जेवू." येथवर सर्वांचे एकमत होते. परंतु कोठे, असा प्रश्न निघाला की एकमत संपते. आजीचा चातुर्मास आहे. तिला कांदा-लसूण चालत नाही. मुलांना काहीतरी नवे हवे. जावयाला मासे आवडतात. खिशाचाही विचार करावयाचा असतो. आणि जेथे जावयाचे तेथे आजीला अवघडल्यासारखे वाटू नये, लेकरांनी पाणी सांडले तर कोणी डोळे वटारू नयेत, हीही अपेक्षा असते.

सुदैवाने मुंबईच्या उपनगरांत या प्रश्नाचे उत्तर मिळण्याजोगे आहे. ते शोधावयाचे कसे, हे समजून घेण्यापूर्वी ही उपनगरे वसली कशी, हे पाहणे अगत्याचे ठरते. कारण येथील उपाहारगृहांचा नकाशा हा स्थलांतराचाच नकाशा आहे.

१८५३ साली बोरीबंदर ते ठाणे अशी आगगाडी सुरू झाली आणि शहराबाहेर राहून शहरात काम करणे शक्य झाले. १८९६ साली प्लेगची साथ आली. दाटीवाटीच्या वस्तीतून लोकांना मोकळ्या हवेत नेल्यावाचून गत्यंतर नाही, हे तिने सरकारला पटविले. १८९८ साली सिटी इंप्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला आणि त्याने पुढे दादर, माटुंगा, वडाळा व शीव या भागांत आखीव रस्त्यांची वसाहत उभी केली. सरकारी कचेऱ्यांत, रेल्वेत आणि पेढ्यांत कारकुनी करण्यासाठी आलेला दक्षिणेकडील शिक्षितवर्ग माटुंग्यात स्थिरावला. १९४७ साली फाळणी झाली आणि निर्वासितांचे लोंढे येऊन लष्करी बराकींत राहू लागले. १९५० साली आणि पुन्हा १९५७ साली महानगरपालिकेची हद्द वाढली व ती दहिसर आणि मुलुंडपर्यंत पोहोचली. जो समाज जेथे उतरला, तेथे त्याने आधी चूल मांडली. पुढे त्या चुलीवर शेजारपाजारचे लोकही जेवू लागले.

माटुंग्याचेच उदाहरण घ्यावे. मध्य रेल्वेच्या स्थानकातून पूर्वेस उतरले की काही पावलांतच केळीची पाने, अबोली-मोगऱ्याचे गजरे, कढीलिंब आणि सुरण मांडून बसलेले विक्रेते दिसतात. ज्याला येथे कोणते जेवण मिळेल हे जाणावयाचे आहे, त्याने आधी मंडई पाहावी. मंडईत जे विकले जाते तेच आसपासच्या स्वयंपाकघरांत शिजते. या परिसरात १९३९ साली रामाश्रय, १९४० साली कॅफे मद्रास आणि १९४२ साली ए. रामा नायक यांचे उडुपी श्रीकृष्ण बोर्डिंग सुरू झाले. बोर्डिंगमध्ये आजही केळीच्या पानावर पंगत वाढतात. भात, सांबार, रसम्, दोन भाज्या, ताक असे साधे जेवण असते आणि वाढपी आग्रह करून वाढतात.

या उपाहारगृहांना सर्रास 'मद्रासी' म्हणण्याची आपल्याकडे रीत आहे. ती दुरुस्त करावयास हवी. यांतील बहुतेकांचे मूळ तमिळ प्रदेशात नसून दक्षिण कानडा जिल्ह्यात, म्हणजे उडुपी-मंगळूरच्या किनारपट्टीवर आहे. तेथील श्रीकृष्णमंदिराची परंपरा तेराव्या शतकातील मध्वाचार्यांपर्यंत जाते. मंदिराच्या स्वयंपाकात कांदा-लसूण वर्ज्य असल्याने तिच्यावर पोसलेल्या पाककलेने डाळ, नारळ, चिंच, मिरे आणि हिंग यांवरच सारी चव उभी केली. शिवाय या धंद्यात उतरलेल्यांपैकी अनेक मालक गौड सारस्वत आहेत. त्यांचे पूर्वज काही शतकांपूर्वी गोव्याहून दक्षिणेस गेले. घरात ते अद्याप कोकणी बोलतात. म्हणजे चातुर्मासातील आजी ज्या टेबलापाशी निर्धास्तपणे जेवू शकते, त्या टेबलामागे बसलेला मालक भाषेने तिचा फार दूरचा नसतो. तरीही सांबारात किंवा भाजीत कांदा आहे काय, हे विचारून घ्यावे. परंपरा एक असली तरी आजची प्रत्येक कढई तिच्याप्रमाणेच चालते असे नाही.

या धंद्याची दुसरी बाजूही लक्षात ठेवण्याजोगी आहे. दक्षिण कानड्यातून आलेली कितीतरी पोरे दिवसा याच हॉटेलांत कपबशा विसळीत आणि रात्री रात्रशाळेत जात. त्यांतील काही पुढे स्वतः मालक झाले, काही नोकरीस लागले. आज चौदा वर्षांखालील मुलाला उपाहारगृहात कामास ठेवणे कायद्याने मना आहे. २००६ सालापासून ही बंदी हॉटेले व ढाबे यांनाही लागू झाली. आपल्या मुलांना घेऊन जेवावयास गेलेल्या कुटुंबाने टेबल पुसणाऱ्याच्या वयाकडे एकवार पाहावे, हे योग्यच होईल.

माटुंग्याच्या पलीकडे शीव-कोळीवाडा. नावाप्रमाणे हे कोळ्यांचे गाव. फाळणीनंतर पंजाबातून आलेली कुटुंबे येथे वसविण्यात आली. हार्बर मार्गावरील या स्थानकाला आता गुरू तेगबहादूर नगर हे नाव आहे. हॉटेलांच्या फलकांवर देशभर आढळणारा 'कोळंबी कोळीवाडा' हा पदार्थ मूळचा येथलाच, असे सामान्यतः मानले जाते. बेसनाच्या पिठात ओवा व लाल तिखट घालून तळलेली ही कोळंबी कोळी घरांतील कालवणाहून अगदी निराळी आहे. मासळी येथील किनाऱ्यावरची, पीठ आणि ओवा उत्तरेकडील तळण्यातला, आणि नाव कोळ्यांच्या वस्तीचे. दोन समाज एका गल्लीत राहू लागले म्हणजे काय घडते, याचे याहून चवदार उदाहरण सापडणे कठीण.

चेंबूरला गेल्यास सिंधी वस्ती लागते. चेंबूर कॅम्प हे नावच बराकींची आठवण करून देते. कल्याणजवळच्या अशाच लष्करी छावणीला १९४९ साली उल्हासनगर हे नाव मिळाले. सिंधी मंडळींनी घरे, शेते, पेढ्या मागे टाकल्या. येताना सोबत आणता आली ती जिभेची आठवण. दाल-पकवान हा त्यांचा न्याहारीचा पदार्थ. घट्ट शिजविलेली हरभऱ्याची डाळ, वर चिंचेची व हिरवी चटणी, चिरलेला कांदा आणि सोबत मैद्याची कडक, खुसखुशीत पुरी. सिंधी कढीत ताक नसते. बेसन तेलात खमंग भाजून, चिंचेच्या कोळात शेंगा, भेंडी व बटाटे घालून ती करतात. मराठी कढीच्या अपेक्षेने वाटी तोंडाला लावणाऱ्याची फसगत होते, परंतु ती फसगत सुखाची असते. हे पदार्थ सकाळीच खावे. दुपारनंतर गेल्यास पकवान संपलेले तरी असते किंवा मऊ पडलेले.

मराठी पाहुण्याला मराठी पदार्थांची ओढ नसते असे कोण म्हणेल? दादर स्थानकाजवळ १९१० साली मामा काणे यांचे उपाहारगृह सुरू झाले. बटाटेवडा, साबुदाण्याची खिचडी, थालीपीठ आणि पियूष यांना पुढे दादरमध्ये जी प्रतिष्ठा मिळाली, तिच्या मुळाशी अशा स्वच्छ आणि साध्या उपाहारगृहांचे श्रम आहेत. मासे हवे असणाऱ्यांसाठी मालवणी व गोमंतकी खाणावळी आहेत. या खाणावळींचा वारसा गिरणगावातील बायकांकडे जातो. एकट्याने मुंबईत राहणाऱ्या गिरणीकामगारांना दोन वेळचे जेवण घालून या बायकांनी संसार चालविले, आणि धान्यासाठी सावकाराचे व्याज भरले. १९७५ साली प्रेमा पुरव यांनी त्यांना संघटित करून अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापिले व बँकेचे कर्ज त्यांच्या दारापर्यंत आणले. खाणावळीतील ताटामागे केवढा हिशेब असतो, तो यावरून कळावा.

इराण्याच्या हॉटेलाचा उल्लेख केल्याशिवाय हा विषय पुरा होत नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस व त्यानंतर यझ्द आणि केरमान प्रांतांतून आलेल्या इराण्यांनी रस्त्यांच्या कोपऱ्यांवर चहाची दुकाने थाटली. संगमरवरी टेबले, लाकडी खुर्च्या, बन-मस्का, ब्रून-पाव आणि दाट चहा असा त्यांचा थाट. आज त्यांतील पुष्कळशी बंद झाली आहेत. परंतु त्यांनी एक गोष्ट रूढ केली, ती म्हणजे पडदा लावलेली 'फॅमिली रूम'. ज्या काळी घरंदाज बाईने हॉटेलात पाऊल टाकणे हेच धाडस होते, त्या काळी या पडद्याआडून पुष्कळ स्त्रियांनी बाहेरचा पहिला चहा घेतला. आता पडदे गेले आहेत. 'फॅमिली' या शब्दाचा अर्थ पुष्कळदा माडीवरची वातानुकूलित खोली एवढाच उरला आहे, आणि तेथे त्याच पदार्थाला दर अधिक पडतो. खिशाचा विचार असणाऱ्यांनी खालीच बसावे. पदार्थ त्याच भटारखान्यातून येतात.

मुलांना बहुधा 'चायनीज' हवे असते. त्यावर वडीलधाऱ्यांनी नाक मुरडण्याचे कारण नाही. ज्याला मंचुरियन म्हणतात तो पदार्थ मांचुरियातून आलेला नाही. कलकत्त्यात वाढलेले चिनी वंशाचे आचारी नेल्सन वांग यांनी १९७५ च्या सुमारास मुंबईच्या क्रिकेट क्लबात तो सिद्ध केला, असे नमूद आहे. आले, लसूण, हिरवी मिरची हा फोडणीचा मसाला आपला, सोया सॉस त्यांचे. उडुपी हॉटेलांच्या दरपत्रकातही आता तो असतो. त्यामुळे आजीला इडली, नातवाला नूडल्स आणि सर्वांना एकच टेबल, ही सोय एका छपराखाली होते.

आता प्रत्यक्ष निवडीसंबंधी. उपनगरातील प्रत्येक स्थानकाला पूर्व आणि पश्चिम अशा दोन बाजू असतात. कोणत्या बाजूस जावयाचे हे आधी ठरवावे, नाहीतर लेकरांसह पुलाचे जिने पुन्हा चढावे लागतात. स्थानकाच्या तोंडाशी असलेली हॉटेले घाईच्या गिऱ्हाइकासाठी असतात. दहा मिनिटे आत चालून मंदिर, गुरुद्वारा, शाळा किंवा मंडई यांच्या आसपास पाहिल्यास वस्तीची हॉटेले सापडतात. आत कोण बसले आहे ते बघावे. म्हातारी माणसे आणि शाळकरी पोरे जेथे एकाच वेळी दिसतात, तेथे अन्न ताजे, तिखट बेताचे आणि दर माफक असण्याचा संभव अधिक. फलकावर 'परमिट रूम' हे शब्द असल्यास तेथे मद्य मिळते असे समजावे. हे नाव १९४९ च्या दारूबंदी कायद्यातील परवान्यावरून आलेले आहे. अन्नसुरक्षा कायद्याखालील परवान्याचा चौदा आकडी क्रमांक भिंतीवर दिसावयास हवा. रविवारी सकाळी माटुंग्यास रांग लागते. कामाच्या दिवशी जाणे सोयीचे. गर्दी असेल तर अनोळखी माणसासमोर बसावे लागते. त्यात संकोच मानू नये.

या शेवटच्या गोष्टीचे महत्त्व मात्र सोयीपुरते नाही. अनोळखी माणसासमोर बसून जेवणे ही आपल्या देशात फार जुनी गोष्ट नव्हे. कोणी कोणाच्या पंगतीला बसावे, कोणाच्या हातचे पाणी प्यावे, याचे नियम शतकानुशतके जातीने ठरविले. शहरातील काही हॉटेलांतही ब्राह्मणांसाठी निराळी जागा असे, आणि अस्पृश्य मानलेल्यांना कित्येक ठिकाणी बाहेर उभे राहून निराळ्या कपात चहा घ्यावा लागे. २६ जानेवारी १९५० रोजी अमलात आलेल्या राज्यघटनेच्या पंधराव्या अनुच्छेदात दुकाने, सार्वजनिक उपाहारगृहे व हॉटेले यांत धर्म, वंश, जात, लिंग किंवा जन्मस्थान या कारणांवरून कोणासही मज्जाव करता येणार नाही, असे स्पष्ट लिहिले आहे. उपाहारगृहाचा उल्लेख देशाच्या घटनेत व्हावा, यावरूनच त्या दारात किती माणसे अडविली गेली होती याची कल्पना येते. १९५५ च्या कायद्याने अशी अडवणूक दंडनीय ठरली.

कायद्याने दार उघडले. शेजारी बसण्याची सवय माणसांनीच लावून घ्यावयाची असते. माटुंग्याच्या केळीच्या पानावर, चेंबूरच्या पकवानाच्या थाळीपाशी, दादरच्या खाणावळीत ती रोज थोडी थोडी लागत असते. परगावहून आलेले कुटुंब जेवून उठते तेव्हा आजीने समोरच्या तमिळ बाईला रसमात काय घातले आहे हे खुणांनी विचारलेले असते, आणि नातवाने शेजारच्या शीख मुलाच्या ताटातील छोल्यांकडे बोट दाखविलेले असते. घरी परतल्यावर मुंबईत काय पाहिले असे कोणी विचारील, तेव्हा राणीच्या बागेच्या जोडीने या जेवणाची हकीकतही सांगितली जाईल.