मुदत आली, हमी राहून गेली
अमेरिकेत १९९६च्या कायद्याने गरीब कुटुंबांना केंद्राच्या पैशातून मिळणाऱ्या रोख मदतीवर साधारण पाच वर्षांची मर्यादा घातली, शिवाय कामाची अट. यामागे अभ्यासकांचा जुना वाद होता. मदतच माणसाला परावलंबी करते, असे चार्ल्स मरे यांनी १९८४ मध्ये मांडले. उलट समाजशास्त्रज्ञ विल्यम ज्युलियस विल्सन यांनी १९८७ मध्ये शिकागोच्या गरीब वस्त्यांचे उदाहरण दिले: कारखाने गेले, रोजगार आटला, मग कुटुंबे विस्कटली. मला विल्सनच पटतात. मुदतीची कल्पना हार्वर्डच्या डेव्हिड एलवूड यांनी १९८८ मध्ये मांडली होती. पण मुदत संपल्यावर काम न मिळालेल्यांना सरकारने काम द्यावे, हेही त्यांनी सांगितले होते. ती हमी कायद्यात उतरलीच नाही. कृष्णवर्णीय कुटुंबांवर १९६५चा गाजलेला अहवाल लिहिणारे मॉयनिहन १९९६मध्ये सिनेटर होते. त्यांनी या कायद्याच्या विधेयकाविरुद्ध मत दिले.