पोटातील नळी आणि गोठ्यातील जंतू

मध्यंतरी आम्ही आमच्या धर्मग्रामातील एका आजारी शेतकऱ्याच्या भेटीस गेलो होतो. मूत्रपिंडे निकामी झाल्यामुळे त्यांच्या पोटात नळी बसविली आहे व घरीच दिवसातून चार वेळा द्रवाची पिशवी बदलावी लागते. घरची सून हे काम मोठ्या निगुतीने करते. साबणाने हात धुते, तोंडाला मास्क बांधते. परंतु द्रवाच्या खोक्यांवर मांजर पिलांसह निजलेली होती आणि उघड्या खिडकीपलीकडे म्हशी बांधलेल्या होत्या. “फादर, तिला कितीदा हाकलायचं? फिरून तिथंच येते,” सूनबाई म्हणाल्या. या उपचाराबद्दल चार गोष्टी आपल्या पानावर लिहाव्यात, असे आम्ही तेव्हाच ठरविले.

हा उपचार कसा चालतो?

आपल्या आतड्यांभोवती एक पातळ पडदा असतो. त्याला उदरावरण म्हणतात. त्यात रक्तवाहिन्यांचे दाट जाळे असते. पोटात साधारण दोन लिटर साखरयुक्त द्रव सोडला की रक्तातील मळ व जादा पाणी पडद्यातून गाळून त्यात उतरते. काही तासांनी तो द्रव काढून नवा भरायचा. घरी चालण्याजोगी ही पद्धत १९७६ साली अमेरिकेत पोपोविच व मॉन्क्रिफ यांनी मांडली आणि भारतात ती १९९१ पासून सुरू झाली. २०१९ साली केंद्र सरकारने राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रमात तिच्यासाठी मार्गदर्शक सूचनाही काढल्या.

बालाघाटच्या खेड्यांतील माणसाला हा उपचार सोयीचा आहे. रक्ताच्या डायलिसिससाठी आठवड्यातून दोन-तीनदा दूरचे केंद्र गाठायचे म्हणजे भाडे गेले आणि मजुरीही बुडाली. हाताने पिशवी बदलण्यास वीजही लागत नाही. म्हणून हा लेख वाचून कोणी उपचारास भिऊ नये. भय नळीचे नाही, निष्काळजीपणाचे आहे. त्वचेवरील जंतू नळीवाटे पोटात शिरले तर उदरावरणाला सूज येते. बहुतेक वेळा हे जंतू माणसाच्या अंगावरचेच असतात. पण शेतकऱ्याच्या घरी आणखी काही पाहुणे असतात.

मांजर आणि घटसर्प

पावसाळ्यापूर्वी आपण म्हशींना घटसर्पाची लस टोचून घेतो. त्या रोगाच्या जंतूचे नाव पाश्चुरेला मल्टोसिडा. याच जंतूच्या दुसऱ्या उपजाती मांजराच्या तोंडात सुखाने नांदतात आणि मांजराला काही होत नाही. मांजराने डायलिसिसची नळी चावली व त्यातून रुग्णाच्या पोटात हा जंतू शिरला, अशी नोंद अमेरिकेतील डॉक्टरांनी १९८७ साली केली. त्यानंतर जगभरातून अशा कित्येक नोंदी झाल्या. दात लागून नळीला पडलेले छिद्र कधी कधी डोळ्यांना दिसतही नाही. म्हणूनच या उपचारातील तज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय संस्थेने २०२२ च्या मार्गदर्शनात स्पष्ट सांगितले आहे की, जेथे पिशवी बदलतात व सामान ठेवतात त्या खोलीत पाळीव प्राण्यांना येऊ देऊ नये.

मातीतला जंतू

दुसरा जंतू अॅग्रोबॅक्टेरियम. हा मातीत व मुळांजवळ राहतो. त्याची एक जात गुलाबाच्या व फळझाडांच्या बुंध्यावर गाठी आणते. झाडाच्या पेशीत आपला अंश घुसविण्याची त्याची खोड ओळखून शास्त्रज्ञांनी त्याच्याकडूनच बीटी कापूस घडवून घेतला. २००२ पासून विदर्भातील आपले सगेसोयरे तो पेरत आहेत. निरोगी माणसाला या कुळातील जंतूंचा सहसा त्रास नाही. परंतु शरीरात प्लास्टिकची नळी असलेल्या माणसांत त्याचे आजार आढळले आहेत आणि पोटाच्या डायलिसिसवरील रुग्णही त्यांत आहेत. रोपे लावून मातीच्या हातांनी पिशवीला हात लावणे म्हणजे त्याला घरात बोलावणेच होय.

गाभ टाकणारी गाय

तिसरा ब्रुसेला. गाय पाचव्या महिन्यानंतर गाभ टाकते, वार अडकते, तेव्हा या रोगाचा संशय घ्यावा. न उकळलेल्या दुधातून आणि पडलेले गाभ किंवा वार उघड्या हातांनी उचलल्याने तो माणसात येतो. ताप चढतो-उतरतो, घाम सुटतो, सांधे धरतात. नळीला कोणीही हात न लावता हा जंतू रक्तावाटे उदरावरणापर्यंत पोहोचू शकतो. यावर उपाय गोठ्यातच आहे. चार ते आठ महिन्यांच्या कालवडींना व पारड्यांना लस टोचून घ्यावी. २०१९ पासून केंद्र सरकारच्या पशुरोग नियंत्रण कार्यक्रमात ती मोफत देतात.

डॉक्टरांना सांगा

येथेच आपले लोक चुकतात. शहरातील डॉक्टरांपुढे “गाईने गाभ टाकला”, “मांजर खोलीत निजते” असे सांगायला आपण संकोचतो. पण ते सांगितले पाहिजे. ब्रुसेला प्रयोगशाळेत सावकाश वाढतो आणि तेथे काम करणाऱ्यांनाही बाधतो. आधी कळले तर नमुना जास्त दिवस राखून व जपून तपासता येतो आणि औषधही नेमके निवडता येते. रुग्णाजवळची ही माहिती कोणत्याही यंत्रात मिळत नाही.

घरी पाळावयाचे नियम

१. पिशवी बदलताना दार-खिडकी लावा, पंखा बंद करा, मास्क बांधा. साबणाने हात धुऊन ते पूर्ण कोरडे करा.

२. धारा काढणे, शेण उचलणे, रोवणी ही कामे रुग्णाने शक्यतो दुसऱ्यावर सोपवावीत. पिशवी बदलणाऱ्याने ती केली असतील तर आधी अंघोळ करून कपडे बदलावेत.

३. नळीची जागा रोज पाहा. वैनगंगेत किंवा तलावात डुबकी मारू नका.

४. दूध उकळूनच प्या.

५. नळी फाटली, गळली किंवा चावलेली दिसली तर रुग्णाकडील बाजूने चिमटा लावा, नवा द्रव भरू नका आणि ताबडतोब दवाखान्यात जा.

६. बाहेर आलेला द्रव गढूळ दिसला किंवा पोट दुखू लागले तर सकाळची वाट पाहू नका. ती पिशवी फेकू नका, सोबत न्या. नमुना देण्यापूर्वी घरच्या गोळ्या घेऊ नका, नाहीतर जंतू सापडत नाही.

वेळेवर गेल्यास प्रतिजैविक पिशवीतूनच पोटात देता येते आणि बहुतेक रुग्ण बरे होतात. योग्य औषध देऊनही पाच दिवसांत द्रव स्वच्छ झाला नाही, तर नळी काढावी लागते. मग पुन्हा तीच दूरची वाट नशिबी येते.

परवा आम्ही त्या घरी पुन्हा गेलो. खोक्यांची खोली आता वेगळी झाली आहे व तिला आतून कडी आहे. मांजर ओसरीवर निजली होती. आमच्या धर्मग्रामात ज्यांच्या घरी असा रुग्ण आहे, त्यांनी आज संध्याकाळीच आपल्या खोलीचे दार तपासावे.