बिजागरीची करामत

पोराच्या हातात विमान असते. दोन ठिकाणी दुमडले, एक वळसा दिला की त्याला पाय फुटतात आणि समोर यंत्रमानव उभा! १९८२ साली जपानी दूरचित्रवाणीवर आलेल्या ‘मॅक्रॉस’ या चित्रमालिकेतले ‘वाल्किरी’ हे असेच गाजलेले लढाऊ विमान. शोजी कावामोरी यांनी ते अमेरिकेच्या एफ-१४ वरून बेतले. एफ-१४ चे पंख उडतानाच मागेपुढे होत. आपल्या नाशिकजवळच्या ओझरला तयार झालेल्या मिग-२७ चे पंखही तसेच हलत. हवाई दलाने ते २०१९ मध्ये निवृत्त केले. म्हणजे कल्पना अगदीच हवेतली नव्हती.

शौकीन मंडळी अशी जुनी खेळणी जिवापाड जपतात. खोका न उघडलेला असेल, तर भाव अधिक. पण बंद खोक्यात बिजागरी फिरत नाही, आणि खरी गंमत तर तिथेच!

रहाटणीच्या कामगार-घरांना सांध्याचे मोल ठाऊक आहे. आपल्याच पट्ट्यातल्या टेल्कोतले अभियंते अरविंद गुप्ता १९७८ मध्ये रजा घेऊन होशंगाबादच्या विज्ञान शिक्षणाच्या प्रयोगात गेले. तिथे त्यांनी आगकाड्या आणि सायकलची व्हॉल्व्हट्यूब जोडून खेळणी केली. त्यातला चौकोन कलतो, त्रिकोण मात्र हलत नाही. वाल्किरीचे मर्मही हेच: वळायचे तिथे सैल, उभे राहायचे तिथे घट्ट.

महागडे खेळणे सर्वांना परवडत नाही. काड्या आणि नळी परवडतात. आणि पोराने खेळणे मोडलेच, तर रागावण्याआधी कोणता सांधा निखळला, ते त्यालाच विचारावे.